डावा हात उद्या

उजवा अंगठा

"सैल सोड," सत्यवान म्हणाला, आणि कायतानचा अंगठा होता त्याहून ताठ झाला.

"अरे, सैल सोड रे मेल्या. पीठ मळूक नाय इलंस हंय."

हवालदार सत्यवानने तो अंगठा आपल्या दोन बोटांत धरला, ठाण्यातल्या मशीनच्या काचेवर टेकवला आणि नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हळूच लोळवला. काच हिरवी पेटली. पडद्यावर अंगठा उमटला, आडव्या कापलेल्या कांद्यासारखा, चकतीत चकती. कायतानने स्वतःचा अंगठा एवढा मोठा कधी पाहिला नव्हता. बघवेना म्हणून त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नजर वळवली.

कायतान फर्नांडिस जहाजावर बेकर होता. पर्यटकांना घेऊन देशोदेशी हिंडणारं मोठं जहाज. सकाळी त्या लोकांना डोळे उघडायच्या आत गरम पाव लागतो, तो कायतान करायचा. खुरीसवाडीत, स्वतःच्या घरी, तो सुट्टीपुरता यायचा. पुन्हा जायच्या वेळी पोलिसांचा दाखला लागे: या इसमाविरुद्ध आमच्याकडे काही नाही. त्याच्या चौकशीला दर खेपेला सत्यवानच घरी यायचा. शाळेत दोघे एका बाकावर बसलेले. तरी सत्यवान दारापुढच्या खळ्यात उभा राहून टोपी सारखी करायचा आणि विचारायचा, "कायतान फर्नांडिस तो तूच काय रे?" मग कायतानच्या बायकोने, अँजेलिनाने केलेल्या दोदोलचा गोड तुकडा तोंडात टाकून सही करायचा.

या खेपेचा दाखला अजून व्हायचा होता. एजंटाने फोनवर बजावलं होतं, तुझ्या वयाचा नवा माणूस कंपनी घेत नाही. जुना म्हणून चालतोस. एक खेप चुकली की तू जुना राहणार नाहीस.

"सत्या, दाखल्याचा काय मगे?"

"आधी बोटां होव दे," सत्यवान म्हणाला. पडद्यावरून त्याने मान वर केली नाही.

उजवी तर्जनी

झालं ते असं.

कायतानच्या माडांतून एक वाट समुद्रावर जाते. जमीन त्याची, वाट सगळ्यांची. वारा फिरला की याच वाटेने होड्या लाकडी ओंडक्यांवरून ओढून वर, माडांच्या सावलीत आणतात. त्या रविवारी शेजारणीची, तुळसाची होडी वर घ्यायची होती. चर्चची मिसा आटपून येतो आणि हात लावतो, असं कायतानने आदल्या दिवशी तिला सांगून ठेवलं होतं.

सकाळी बघतो तर वाटेत गाडी. पांढरी, उंच, काचांना काळी जाळी. पलीकडच्या घरात उतरलेल्या पाहुण्यांची असणार.

आता या किनाऱ्यावर कुणाची होडी कुणाच्या वाटेत आली तर दारात जाऊन भांडायची पद्धत नाही. आपल्या नांगराचा दोर तिला बांधायचा आणि कामाला निघून जायचं. होडीवाला येतो, गाठ बघतो, गाठ कुठल्या घरची ते ओळखतो, आणि त्या घरच्या खळ्यात उभा राहून हाक मारतो. मग दोनचार शिव्या होतात, मग चहा. गाठ बांधणाऱ्यानेच सोडायची. दुसऱ्या कुणी तिला हात लावला तर पिढ्यान्‌पिढ्या नाव निघतं.

कायतानची गाठ तर बाकीच्यांपेक्षा उलटीच पडते. डाव्या हाताला एक बोट कमी. लहानपणी बापाच्या होडीवर नांगराच्या दोराने नेलेलं. चार बोटांनी दोर ओढताना पीळ दुसऱ्या बाजूला जातो. खुरीसवाडीतलं शेंबडं पोरसुद्धा ती गाठ बघून सांगेल, कायतानबाबाची.

त्याने नांगराची साखळी गाडीच्या पुढच्या चाकातून ओवली, दोराने माडाला बांधली आणि अँजेलिनाबरोबर प्रार्थनेला इगर्जीत गेला. रागात असता तर त्याने आरडाओरडा केला असता, एखादं दार ठोठावलं असतं. राग नव्हता. केसांवरून हात फिरवावा तसं केलं, आणि विसरला.

उजवी तर्जनी, पुन्हा

मशीनने टूं केलं. पडद्यावर लाल चौकट.

"घाम इलो," सत्यवान म्हणाला. त्याने खिशातून आपला रुमाल काढून कायतानचं बोट पुसलं, खालून वर, पोराचं नाक पुसतात तसं. रुमालाला कापराचा वास होता.

आतल्या खोलीतून साहेबांचा आवाज आला, "हवालदार, एका माणसाला किती वेळ?"

"झालंच साहेब. बोटं थोडी जाड आहेत."

"बोटं जाड नसतात, हवालदार. दाबून धरा."

मधलं बोट

मिसा संपली तेव्हा इगर्जीच्या पायरीशी बाबू रिक्षावाला उभा होता. बाबू कधी इगर्जीकडे फिरकत नसे. शर्टाची बटणं वरखाली लागलेली.

"कायतान, फोन खंय तुजो?"

"मिसाक बंद ठेवतंय. कित्याक रे?"

"तुज्या साखळयेन माणूस मारल्यान असतो रे आज! त्या गाडीवाल्याचो बापूस. छातीत कळ इली म्हणान म्हाताऱ्याक उचलून गाडयेत घातल्यानी, नि गाडी हलता खंय? मी कुडाळाक न्हेलंय त्येका. रिक्षेत. म्हातारो मागे आडवो, दुसऱ्या कोणाक जागा नाय, नि मी फुडे देवाक बोलावतंय. तुज्या पण नि माज्या पण."

"वाचलो मां?"

"वाचलो. मीच अर्धो झालंय."

कायतान वाडीत पोचला तेव्हा गाडीवाला चाकाशी उकिडवा बसला होता. सर्वेश त्याचं नाव, वरच्या कुठल्याशा शहरातला, तिशीचा. हातात दगड होता. गाठ सुटेना म्हणून साखळी ठेचून ठेचून त्याची बोटं सोलवटली होती. शेजारी त्याची बायको फोन कानाला लावून उभी होती आणि पोलिसांना वाडीचं नाव पुन्हा पुन्हा सांगत होती.

"माझे वडील मेले असते," सर्वेश म्हणाला. ओरडला नाही. त्याने कायतानला जास्त लागलं.

परक्याशी बोलायचं म्हणून कायतानने पुस्तकातली भाषा शोधली. "तुम्ही घरी येऊन मला हाक मारायची होती."

"कुणाला हाक मारू? तुमचं नाव लिहिलंय का साखळीवर?"

कायतानच्या मते लिहिलेलं होतं. गाठ होती की. पण हे तोंडातून निघेना, कारण समोरच्या माणसाच्या नखांतून रक्त येत होतं. या माणसाला बाप होता आणि त्याला गाठी वाचता येत नव्हत्या. दोन्ही गोष्टी कायतानच्या डोक्यात एकाच वेळी शिरल्या आणि दोन्हींना तिथे जागा पुरेना.

जीप आली. साहेबांनी विचारलं, "ही कुणी बांधली?"

कायतान वाकला आणि एका झटक्यात गाठ सोडली. "माझ्याशिवाय कुणाला सुटायची नाही ती," तो म्हणाला. आयुष्यभर हे वाक्य तो मिरवत आला होता. त्या दिवशी तेच त्याचा जबाब ठरलं.

अनामिका

"आंगठी काढ."

"निघणा नाय ती."

"पंज्याचो ठसो पण घेवचो आसा रे. मशीन आंगठी दाखयता."

लग्नाची अंगठी डाव्या हातात घालतात. कायतानचं ते बोटच नव्हतं, म्हणून पाद्रीने हसू दाबत ती उजव्या हातात घालायला लावली होती. तेव्हापासून ती उतरली नव्हती. जहाजावर पीठ मळतानासुद्धा तो वर रबरी हातमोजा चढवायचा.

सत्यवान उठून आत गेला, डब्यातल्या जेवणासोबत आणलेली खोबरेल तेलाची बाटली घेऊन आला. बोटाला तेल चोळलं. अंगठी सांध्यावर अडली. सत्यवानने खुर्ची जवळ ओढली, कायतानचा हात मांडीवर घेतला आणि नाक ओढत, अगदी हळू, फिरवत फिरवत ती काढू लागला. दोघेही त्या बोटाकडे बघत होते, एकमेकांकडे नाही.

"सत्या, खून केलंय काय रे मी?"

"नाय."

"चोरी?"

"नाय रे."

"मगे ह्या सगळा कित्याक?"

"प्रतिबंधक म्हणान आणलो तुका. उद्या परत काय करशीत म्हणान. आधी एवढ्यातेवढ्याक बोटां घेयत नव्हते. आता आणलो त्येची घेतत. पंजे घेतत. डोळ्यांचो फोटो." सत्यवानने क्षणभर थांबून अंगठीवर फुंकर घातली. "माका विचारशीत तर माका काय म्हायती? मी फक्त लोळवतंय."

अंगठी निघाली. बोटावर तिच्या जागी पांढरा, ओलसर, बाळाच्या कातडीसारखा पट्टा होता. त्याला कधी ऊन लागलेलं नव्हतं. काचेने तोसुद्धा घेतला.

करंगळी

घेतली.

डावा

लाईट गेली.

पंखा दोन फेरे फिरून थांबला. पडदा काळा. बाहेर कुणाचा तरी रेडिओ मध्येच गप्प झाला तेवढं ऐकू आलं. कायतानचा डावा हात टेबलावर तसाच पालथा पडून राहिला, चार बोटांचा, आपली पाळी कधी येते याची वाट बघत.

साहेब दारात आले. "झालं?"

"उजवा झाला, साहेब. डावा राहिला."

साहेबांनी घड्याळ बघितलं. "हमीपत्र घ्या आणि सोडा आज. डावा हात उद्या."

सत्यवानने अंगठी परत दिली. ती आता सहज बोटात गेली, आणि सहज बाहेरही येत होती. घरी जाईपर्यंत कायतानने ती मुठीत धरून ठेवली.

(मशीन बंद)

उद्या आला, आणि त्याच्याबरोबर चांगली बातमी आली. सर्वेशने तक्रार मागे घेतली. वडिलांचं काही विशेष नव्हतं, डॉक्टरांनी घरी जाऊ दिलं, आता आम्हाला आणखी ताप नको, असं तो ठाण्यात लिहून देऊन निघून गेला. साहेबांनी फोनवर कायतानला सांगितलं, "या खेपेला सुटलात. यायची गरज नाही."

अँजेलिनाने मेणबत्ती लावली. कायतानने भट्टी पेटवून पाव केले. वाडीत वाटले, आणि तुळसाच्या घरी जरा जास्तच दिले. त्या रविवारी तिची होडी वर यायची राहिली होती. लाटेने ती खडकावर आपटून एक फळी गेली. तुळसा पाव हातात घेऊन म्हणाली, "माका पाव नको, कायतान. माका वाट व्हयी." मग हसली. पण पाव ठेवून घेतले.

दाखल्यासाठी अर्ज टाकला. जहाजाचं पत्र आलं. अँजेलिनाने बॅग काढून उन्हात ठेवली. दाखला आला नाही.

चौकशीलाही कोणी आलं नाही. सत्यवान वाटेत दिसला की मोटरसायकलचा वेग वाढवायचा. शेवटी कायतानच ठाण्यात गेला.

सत्यवानने पडदा त्याच्याकडे फिरवला. नावापुढे एक पिवळी पट्टी होती. "नोंद अपूर्ण."

"तक्रार मागे घेतली ना?"

"घेतली," सत्यवान म्हणाला. नियमाचं काही सांगायचं असलं की तो पुस्तकातली भाषा बोलायचा. "पण तुझा उजवा हात आत आहे. नोंद अर्धी आहे तोवर दाखला पुढे सरकत नाही."

"मग पुसून टाक."

"पुसता येतो. तू सुटलास, पुसायचा तुझा हक्क आहे. अर्ज करायचा. पण अर्धी नोंद पुसायची सोय मशीनमध्ये नाही, कायतान. आधी पूर्ण करावी लागते. मग पुसायचा अर्ज वर जातो."

कायतानला वाटलं सत्यवान थट्टा करतोय. त्याने थोडं थांबून बघितलं. सत्यवानच्या चेहऱ्यावर थट्टेचं काही नव्हतं.

"म्हणजे उजवा काढायला डावा द्यायचा?"

"तसंच."

घरी मुलीने, मर्लिनने, फोनवर शोधून काहीतरी काढलं. सरकारचा एक मसुदा निघाला होता, लोकांकडून सूचना आणि हरकती मागवल्या होत्या. ती जेवणघरात उभ्याने वाचायला लागली. "पपा, हय बघा. ज्येका सोडून दिलो त्येच्या बोटांचे ठशे आपोआप पुसले जातले. अर्ज नको, काय नको."

"कधीपासून?"

"कायदो झालो की."

"नि तो कधी?"

मर्लिनने फोन वर सरकवला, खाली सरकवला. मग तिचा आवाज बदलला. "ह्येच मसुद्यात फुडे गाडयेचा पण आसा. खाजगी जाग्यात कोणी गाडी लावली तरी मालकान तिका साखळी घालूची नाय, चाक अडवचा नाय. घातली तर गुन्हो. जमीन आपली असली तरी."

माशाच्या कालवणाची वाफ भांड्यावर तशीच थांबली होती.

"बरोबर आसा," कायतान म्हणाला.

"काय बरोबर?"

"गाडयेचा. म्हातारो मेलो असतो तर?"

मर्लिन चिडली. "मगे हरकत कसली लिवू मी? एका कलमाक होय म्हणान नि दुसऱ्याक पण होय म्हणान?"

"लिव," कायतान म्हणाला, "की दोनय लवकर करा."

अँजेलिना इतका वेळ पाठमोरी होती. ती वळली तेव्हा हातातला डाव तिने भांड्यात ठेवला नाही, तसाच ठिबकत धरला. "आयक माजा. उजवो हात त्येंनी घेतल्यानी. घेतलो तर घेतलो, आपण काय करतलो? पण डावो तू आपल्या पायान जावन दितलंस. ह्यो फरक आसा, कायतान."

"जहाज जायत."

"जाव दे. हय पाव नाय खायत लोक?"

पहाटे जहाजाच्या पोटात, सगळं झोपलेलं असताना, पिठाच्या फुगत्या गोळ्यावर हात ठेवून उभं राहायचं, तेव्हा कायतान कुणाचाही नवरा, शेजारी, माडांचा भाटकार नसायचा. ते त्याला बायकोला कधी सांगता आलं नव्हतं. आताही आलं नाही. त्याने फक्त अंगठी बोटातल्या बोटात फिरवली. ती फार सहज फिरली.

डावा अंगठा

स्वतःच ठेवला. सत्यवानला धरावं लागलं नाही.

डावी तर्जनी

"बरो इलंस," सत्यवान हळूच म्हणाला. "माका वाटला येवचंस नाय."

"तुका कसा वाटला असता बरा? इलंय ता, की इलंय नसतंय ता?"

सत्यवानने बोट लोळवलं. "गप बस. हलता ठसो."

डावं मधलं बोट

हललं. पुन्हा घेतलं. पुन्हा हललं.

"तुजो हात थरथरता काय माजो?" सत्यवानने विचारलं.

"बघ तूच."

दोघांनी हात उचलून टेबलावर शेजारी शेजारी पालथे ठेवले. कोणाचा थरथरत होता ते दोघांनाही दिसलं. सत्यवानने आपला हात मांडीवर घेतला, पँटला पुसला आणि पुन्हा बोट धरलं.

डावी अनामिका

(काच रिकामी)

डावी अनामिका, पुन्हा

मशीन बोलणारं होतं, हे तोवर माहीत नव्हतं. आधीची सगळी बोटं वेळेवर मिळाली होती म्हणून गप्प होतं. आता आतून एक बाई अतिशय गोड आवाजात म्हणाली, "कृपया काचेवर बोट ठेवा."

"नाय गो बाय," कायतान म्हणाला.

"कृपया काचेवर बोट ठेवा."

सत्यवानला हसू आलं, ते त्याने खोकल्यात घातलं. मग कायतानही हसला, आणि मग थांबता येईना; दोघे शाळेतल्यासारखे टेबलावर वाकून हसत राहिले आणि ती बाई न कंटाळता बोट मागत राहिली. आतून साहेब ओरडले तेव्हा सत्यवानने डोळे पुसले, बरीच शोधाशोध करून एक चौकोन दाबला: कायमस्वरूपी नाही. बाई गप्प झाली.

डावी करंगळी

नोंद पूर्ण.

पिवळी पट्टी हिरवी झाली. सत्यवानने तिथल्या तिथे पुसण्याचा अर्ज भरून घेतला. अर्ज वर गेला. वर म्हणजे कुठे, ते सत्यवानला सांगता येईना. त्याने छताकडे बोट दाखवलं, मग स्वतःच लाजला.

दारापर्यंत तो सोबत आला. "दाखलो येतलो आता," म्हणाला. "कायतान फर्नांडिस तो तूच, ह्या आता कोण नाय म्हणूचो नाय."

दरवर्षीचीच थट्टा होती. या वेळी ती कुणी उचलली नाही.

दाखला आला. त्यावर लिहिलं होतं की सदर इसमाविरुद्ध कोणताही गुन्हा प्रलंबित नाही. त्याखाली लहान अक्षरांत होतं की सदर इसमाची बोटे अभिलेखात असून ती पुसण्याबाबतचा अर्ज विचाराधीन आहे. एजंटाने दाखल्याचा फोटो बघितला आणि कायतानला फोन केला. कायतानला पलीकडे दुसऱ्या कुणाचा तरी फोन वाजताना ऐकू आला. "विचाराधीन म्हणजे काय ते मला कळतं रे," एजंट म्हणाला. "कंपनीला नाही कळत. त्यांना हो किंवा नाही लागतं." मसुदा अजून मसुदाच होता. अर्ज अजून वरच होता. जहाज गेलं.

चार बोटं एकत्र

शेवटी सगळी बोटं जोडून एकदम काचेवर ठेवायची असतात. जुळतात की नाही ते मशीन बघतं. ते त्याच दिवशी झालं होतं, सांगायचं राहिलं.

पुढचा हंगाम आला तेव्हा माडांत पाटी लागली होती. पार्किंग. मर्लिनने रंगवलेली. कायतान माडांच्या मधोमध उभा राहायचा, दोन्ही हात वर करून, पाच बोटं आणि चार बोटं, आणि गाड्या आत घ्यायचा. "ये, ये, ये, ये. बस." त्याला ते चांगलं जमत होतं. जहाजावर धक्क्याला लागताना माणसं अशीच हात हलवायची, ते त्याने किती वर्षं वरून बघितलं होतं.

एका दुपारी पांढरी, उंच गाडी आली. काचांना काळी जाळी. सर्वेश उतरला. पुढच्या सीटवर एक म्हातारा मांडीवर टोपी घेऊन बसला होता. उन्हाने त्याचे डोळे बारीक झाले होते.

सर्वेशने कायतानला बघितलं आणि ओळखायला त्याला क्षणभर लागला.

"तुम्ही... जहाजावर होता ना? कुणीतरी सांगितलेलं तेव्हा."

"होतो."

"सोडलं?"

कायतानने मान हलवली. होय अशीही, नाही अशीही ती हलली.

"मी तक्रार मागे घेतली होती हं," सर्वेश म्हणाला. त्याच्या आवाजात काहीतरी देऊ केल्याचा सूर होता, आणि ते खरंच त्याने दिलं होतं. "मागे घेतल्यावर संपलं असेल ना सगळं?"

"संपलं," कायतान म्हणाला. म्हाताऱ्याने आतून हात उंचावला, कायतानने उंचावला. त्याला त्या म्हाताऱ्याला काहीतरी सांगायचं होतं, बरं वाटतंय का एवढंच विचारायचं होतं, पण मागून दुसरी गाडी हॉर्न देत होती. "इथे लावा. थोडी मागे. अजून. ये, ये. बस."

माडांत जागा उरली नव्हती. जिथे थोडी होती, तिथे गाडी लागली. ती होड्यांची वाट होती.

संध्याकाळी पाहुणे समुद्रावर गेले तेव्हा कायतान पाटी आत घ्यायला निघाला. पाटी हलेना. तिच्या खांबाला एक दोर बांधला होता, खाली वाळूत गंजका नांगर. वारा फिरला होता. समुद्र लांबूनच पांढरा दिसत होता.

त्याने गाठ बघितली. दोन पदरी, वरचा पदर आत खोचलेला. तुळसाची. तिच्या सासऱ्यापासून त्या घरची तीच.

खिशात चाकू होता. हाताने सोडायची तरी त्याला अवघड नव्हती. डाव्या हाताची चार बोटं त्याने गाठीवर ठेवली आणि तिथेच ठेवून थोडा वेळ उभा राहिला. मग हात काढून घेतला, गाड्यांच्या मधून वाट काढत, अंग चोरत, तुळसाच्या खळ्यात गेला. दार लोटलेलं होतं. आत चूल पेटल्याचा वास होता, भांडी वाजत होती.

"तुळशे!"

भांडी थांबली.

"कोण तां?" आतून आलं. त्याचा आवाज तिला जन्माचा ठाऊक होता.

कायतानने तोंड उघडलं. उत्तर सोपं होतं. साऱ्या सरकारला ते आता पाठ होतं. दार उघडलं नाही. वाऱ्याने मागे माडांत कुठल्यातरी गाडीचा भोंगा आपोआप वाजू लागला, एकसारखा, आणि त्याला थांबवायला कुणी येत नव्हतं.

"कोण तां म्हणतंय मी?"